लोहचुंबक चिकटलं म्हणजे स्टील डुप्लिकेट?

भुलेश्वरला पातेलं घेताना पर्समधून लोहचुंबक काढून लावून बघणारी मंडळी आजही असतात, चिकटलं की "निकेल नाही यात, गंजणार" म्हणून पातेलं परत. अहो, गंज अडवतो तो क्रोमियम! साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचा काही नॅनोमीटरचा थर वर धरतो, ओरखडा गेला तरी परत धरतो. १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने जे स्टेनलेस बनवलं त्यात जवळपास १३ टक्के क्रोमियम होतं, निकेल घातलेलंच नव्हतं.

मग निकेल कशाला? खरी गंमत इथेच आहे. एरवी लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांत आणि एक मधोमध असे बसतात, ही रचना चुंबकाला चिकटते. ९१२ अंशांच्या वर ते बैठक बदलतात, कोपरे तसेच पण मधला जाऊन सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक, ही रचना चिकटत नाही आणि ताणली मस्त जाते म्हणून खोल भांडी काढायला सोपी. निकेल एवढंच बघतं की थंड झाल्यावरही ही बैठक मोडू नये, ३०४ या ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये आठेक टक्के निकेल मुख्यतः त्यासाठीच. आणि त्याच ३०४ची वाटी प्रेसमध्ये ओढली की काठाला बैठक थोडी मोडते, तिथे चुंबक हलकं चिकटतं, म्हणजे चांगला माल नापास!

निकेल नकोच असेल तर एक उपाय म्हणजे ४३० ग्रेड, यात बैठक बदलायच्या भानगडीतच पडत नाहीत, पहिलीच ठेवतात. ते चिकटतं, म्हणून तर इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला चालतं. फक्त वरळीच्या खाऱ्या हवेत रेलिंगला लावू नका, डाग पडतील, तिथे मॉलिब्डेनम धातू घातलेलं ४४४ ग्रेड बरं.

दुसरा उपाय मला जाम आवडतो, नायट्रोजन! अणू इतका बारका की लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत शिरतो, निकेलसारखीच बैठक टिकवतो, वर अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरू देत नाही म्हणून स्टील जास्त मजबूत. पण वितळलेल्या लोखंडात साध्या दाबाला तो ०.०५ टक्केही विरघळत नाही, जास्त कोंबला तर गोठताना बुडबुडे. मग भरपूर क्रोमियम-मँगनीज घालून किंवा दाबाखाली वितळवून तो टक्क्याच्या आसपास नेतात, आणि असं बिननिकेलचं स्टील शरीरातल्या इम्प्लांटसाठी वापरतात.

याउलट 'सर्जिकल स्टील, अ‍ॅलर्जी-फ्री' म्हणून ऑनलाइन खपवलेली कानातली बहुतेकदा ३१६एलची, त्यात १० ते १४ टक्के निकेल. ते सहसा बाहेर सुटत नाही म्हणून बऱ्याच जणांना चालतं, पण निकेलने कान सुजत असतील तर आधी ग्रेड विचारा.