साउथ शील्ड्सच्या चार करंडकांमागची गोष्ट

२१ मे २०१७ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्स या फुटबॉल क्लबने क्लीथॉर्प्स टाउनला ४-० असं हरवून एफए व्हाझ, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांचा राष्ट्रीय करंडक, जिंकला. हंगामातला हा त्यांचा चौथा करंडक आणि सलग ३२वा विजय. ईशान्य इंग्लंडमधल्या क्लबांची नॉर्दर्न लीग, तिचा लीग कप आणि डरहॅम परगण्याचा चॅलेंज कप आधीच खिशात होते. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत ही लीग नवव्या पायरीवर. तिथे इतका ताकदीचा संघ कुठून आला, हे समजायला लीगचा आणि या गावाचा भूतकाळ पाहावा लागतो.

नॉर्दर्न लीग १८८९ची, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य व्यावसायिक ‘फुटबॉल लीग’पेक्षा फक्त एका वर्षाने धाकटी. पहिल्या हंगामात तिच्यात मिडल्सब्रो होता, आणि पुढे न्यूकॅसल युनायटेड झालेला न्यूकॅसल ईस्ट एंडही. नंतर ती हौशी फुटबॉलचा बालेकिल्ला बनली. तिच्यातल्या बिशप ऑकलंडने अमॅच्युअर कप, म्हणजे हौशी क्लबांचा राष्ट्रीय करंडक, दहा वेळा नेला. १९५४ साली त्यांची आणि शेजारच्या क्रुक टाउनची अंतिम लढत दोनदा बरोबरीत सुटली आणि तिसऱ्या सामन्यात क्रुकने बाजी मारली. वेम्ब्लीवरच्या पहिल्या सामन्याला एक लाख माणसं होती. कोळशाच्या खाणींच्या टापूतली ही दोन छोटी गावं!

१९७४ साली हौशी आणि व्यावसायिक हा भेद कागदोपत्री संपला, अमॅच्युअर कपही बंद झाला. पुढे इतर लीग बढती-घसरणीच्या एका साखळीत ओवल्या गेल्या, पण नॉर्दर्न लीग १९९१ पर्यंत बाहेरच राहिली. उशिरा आत आली तेव्हा तिच्या वाट्याला खालची पायरी आली. वर जायचं तर पार लँकेशरपर्यंतचा प्रवास, त्याचा खर्च, खेळाडूंच्या नोकऱ्यांच्या रजा. म्हणून अनेक चांगले क्लब बढती नाकारून इथेच थांबले. माझ्या मते व्हाझ उत्तरेकडे येत राहिला तो यामुळेच. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत तो आठ वेळा याच लीगने जिंकला, त्यात व्हिटली बे या क्लबने ओळीने तीनदा.

गावाची कथा मात्र जिवाला लागणारी. १९१९ पासून फुटबॉल लीगमध्ये खेळणारा साउथ शील्ड्सचा क्लब १९३० साली उचलून जवळच्या गेट्सहेड गावाला नेला गेला. लोकांनी पुन्हा क्लब उभा केला, तर १९७४ साली तोही गेट्सहेडलाच गेला. आजचा क्लब ही त्याच वर्षीची तिसरी सुरुवात. २०१३ साली याही क्लबचं मैदान सुटलं आणि दोन हंगाम ‘घरचे’ सामने तीसेक किलोमीटरवरच्या पीटरलीत झाले. आपल्याच संघाचा घरचा सामना बघायला परगावी जायचं! तरीही काही माणसं जात राहिली, आणि क्लब जिवंत राहिला तो त्यांच्यामुळे.

२०१५ साली जेफ थॉम्पसन यांनी क्लब हाती घेतला आणि संघ घरी, मरिनर्स पार्कवर परतला. त्याच सप्टेंबरात हुलिओ आर्का आला. संडरलंड आणि मिडल्सब्रोकडून प्रीमियर लीग खेळलेला हा अर्जेंटिनाचा खेळाडू तेव्हा रविवारच्या हौशी सामन्यांत खेळत होता. इथे तो दुसऱ्या विभागात उतरला आणि पहिल्याच वर्षी विभाग जिंकला. व्हाझच्या उपांत्य सामन्याला मरिनर्स पार्कवर तीन हजारांवर लोक आले. वेम्ब्लीवर कर्णधार आर्काच होता. त्या उन्हाळ्यात बढती समोर आली तेव्हा साउथ शील्ड्सने ती घेतली.