प्राथमिक आरोग्यसेवेतील मानसोपचार

मानसिक आजारांचे निदान, औषधोपचार व पाठपुरावा मनोरुग्णालयापुरता न ठेवता गावपातळीवरील सर्वसाधारण आरोग्ययंत्रणेतून करण्याची पद्धत. भारतात ही यंत्रणा म्हणजे मुख्यतः उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे.

या पद्धतीचा भारतातील उगम नेमका कोठे मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक १९५० च्या दशकातील अमृतसरच्या मनोरुग्णालयापासून सुरुवात करतात. तेथे डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांबरोबर नातेवाइकांनाही आवारात तंबू ठोकून राहू दिले होते. त्या प्रयोगाने कुटुंबाला उपचारात आणले. पण उपचाराची जागा रुग्णालयच राहिली. म्हणून त्याला पूर्वपीठिका म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९७४ च्या बैठकीत विकसनशील देशांसाठी मानसोपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळण्याची शिफारस केली (अहवाल १९७५). त्याच सुमारास देशात दोन ठिकाणी काम उभे राहिले. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने डॉ. एन. एन. विग यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या अंबाला जिल्ह्यातील रायपूर राणी या विकासगटात, तर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने शहराजवळील साकलवारा येथे. रायपूर राणीचे काम संघटनेच्या बहुराष्ट्रीय अभ्यासाचा भाग असल्याने परदेशी लेखनात त्याला अग्रमान मिळतो. दक्षिणेकडील लेखक साकलवाऱ्याला तो देतात. दोन्हींच्या प्रारंभात फार तर वर्षभराचे अंतर असावे. पहिले कोण, यापेक्षा कोणी काय दिले हे पाहणे उपयोगाचे. आजाराचे प्रमाण मोजण्याची शिस्त रायपूर राणीतून आली. आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना थोड्या दिवसांत शिकवण्याची पद्धत मुख्यतः साकलवाऱ्यात घडली आणि पुढे तीच देशभर गेली.

या बहुराष्ट्रीय अभ्यासाचा १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आजही ताजा वाटतो. कोलंबिया, भारत, सुदान व फिलिपीन्समधील प्राथमिक केंद्रांत आलेल्या १,६२४ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे १४ टक्क्यांना मानसिक आजार आढळला. त्यांतील बहुतेकजण डोकेदुखी, पोटदुखी, खोकला किंवा अशक्तपणा अशी शरीराचीच तक्रार घेऊन आले होते, आणि केंद्रातील कर्मचाऱ्यांनी त्यांतले जेमतेम एकतृतीयांश ओळखले. आपल्याकडील कोणत्याही केंद्राच्या ओपीडीत हे दृश्य दिसते. केसपेपर हातात धरून बसलेली बाई सांगते, ‘अंग दुखतं, डोकं गच्च होतं, जीव घाबरतो, झोप लागत नाही.’ रांग मोठी असते. वेदनाशामक आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते. ‘घरी कसं चाललंय?’ हा प्रश्न विचारायला लागणारी पाच मिनिटे हाच या साऱ्या विषयाचा गाभा होय.

ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. १९८५ पासून कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात तो जिल्ह्याच्या पातळीवर राबवून पाहण्यात आला आणि त्या नमुन्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीचा भर तीव्र मनोविकृती, फेफरे व बौद्धिक अक्षमता यांवर होता. फेफरे हा मेंदूचा विकार असूनही त्याचा समावेश झाला, कारण गावात फेफरे व मनोविकार दोन्हींसाठी पावले आधी देवऋषीकडेच वळत. शिवाय रोजच्या गोळीने झटके थांबलेला एक मुलगा गावाने पाहिला, की केंद्रावरचा विश्वास वाढत असे. नैराश्य व चिंताविकार यांच्याकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. कार्यक्रम गोळ्या वाटण्यापुरता उरला, अशी टीका पुढे झाली. ती बऱ्याच अंशी रास्त आहे.

या उणिवेवरचे सर्वांत ठोस उत्तर गोव्यातून आले. डॉ. विक्रम पटेल व ‘संगाथ’ संस्थेच्या ‘मानस’ चाचणीत (निष्कर्ष २०१०) १२ सरकारी व १२ खाजगी दवाखाने घेतले होते. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक नेमले. औषधाचा निर्णय डॉक्टरकडे आणि देखरेख मनोविकारतज्ज्ञाकडे राहिली. समुपदेशक नेमलेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नैराश्य वा चिंताविकारातून बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते, तर नेहमीचे उपचार देणाऱ्या केंद्रांत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. तेथील डॉक्टर रुग्णाला मुळातच अधिक वेळ देत असावेत, हे स्पष्टीकरण ग्राह्य वाटते. डॉक्टरला आणखी एक प्रशिक्षण देण्यापेक्षा त्याच्या शेजारी ऐकून घेणारे माणूस बसवणे अधिक फलदायी, असे या चाचणीवरून म्हणता येते.

महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ उपक्रमात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले (निष्कर्ष २०१७). तेथे गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी, लोकांच्या बोलीतल्या ‘टेन्शन’पासून विषय काढला. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी शासनाने २०१५ च्या सुमारास ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. त्यात आशा कार्यकर्ती घरभेटीत ताणाची लक्षणे विचारते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने प्राथमिक स्तरासह सर्व स्तरांवर ही सेवा मिसळणे शासनावर बंधनकारक केले. कायदा मे २०१८ मध्ये अंमलात आला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. व्यवहारात रुग्णाचे भवितव्य बरेचदा औषधाच्या साठ्यावर ठरते. गोळ्या केंद्रात संपल्या, तर महिन्याच्या औषधासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागते. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी जमेस धरली, की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर उपचार सुटतो.