ड्रमचा पॅड मुका झाला तर आधी डिंक बघा

'रॉक बँड'सारख्या संगीताच्या व्हिडिओ गेमसोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या ड्रमची दुखणी मुख्यतः तीन. मारलेला ठोका लागतच नाही, एक ठोका दोनदा लागतो, किंवा मारला लाल पॅडवर आणि उठला पिवळ्यावर. नागपुरात, सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्यासमोर, हे तिसरं दुखणं साधारण असं मांडलं जातं : "भाऊ, याच्यावर ठोकलं का त्याच्यावर वाजून राहिलं." पाठोपाठ गिऱ्हाइकाचं निदानही तयार असतं, की आतला बोर्ड उडाला. बोर्ड सहसा उडत नाही. घोटाळा असतो तो काडीचा धक्का बोर्डापर्यंत पोचायच्या वाटेवर; आणि ती वाट म्हणजे रबर, फोम, डिंक, एक पितळी चकती आणि दोन बारीक वायरी.

'रॉक बँड' 2007 मध्ये आला, 'गिटार हिरो वर्ल्ड टूर' 2008 मध्ये. 2015 च्या 'रॉक बँड 4' नंतर 'रॉक बँड'चा पुढच्या क्रमांकाचा भाग आला नाही. त्यामुळे आज ज्यांच्याकडे असे ड्रम आहेत ते जुने, सेकंडहँड किंवा परदेशातून कुणीतरी आणून दिलेले. कंपनीचे सुटे भाग विसरा. पण आतला खरा कामाचा भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतो. "27 एमएमची पिझो प्लेट द्या" म्हणा, किंवा नुसतं "बझरची प्लेट" म्हणा.

पिझो म्हणजे दाबल्यावर वीज देणारा पदार्थ. प्येर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत हा गुण दाखवून दिला. स्वयंपाकघरातला खटका दाबून ठिणगी देणारा लायटर याच तत्त्वावर चालतो. ड्रममधल्या चकतीत पितळेच्या पातळ पत्र्यावर शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडची सिरॅमिक थाळी चिकटवलेली असते, तिच्यावर चांदीचा पातळ थर. काडी पॅडवर आदळली की चकती केसभर वाकते आणि काही मिलिसेकंदांपुरता व्होल्टेजचा झटका देते. बोर्ड फक्त एवढंच बघतो, की झटका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला का. गेला तर ठोका, नाही तर नाही.

आता मल्टिमीटर. इथे हमखास फसगत होते. लोक मीटर कंटिन्युइटीवर (विजेची वाट जोडलेली असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) लावतात, चकतीच्या दोन वायरींना पिना टेकवतात, बीप येत नाही, आणि चकती मेली म्हणून फेकून देतात. वास्तविक चांगल्या चकतीवर बीप यायलाच नको. सिरॅमिक हा विजेचा दुर्वाहक. दोन बाजूंना धातू आणि मध्ये दुर्वाहक, म्हणजे चकती हा चक्क कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) झाला, साधारण 20 नॅनोफॅरडचा. बीप आलाच तर समजायचं की चकती तडकून किंवा सोल्डर ओघळून शॉर्ट झाली आहे. चकती बोर्डापासून न सोडवता मोजलीत तर समांतर लावलेल्या रेझिस्टरचा, बऱ्याचदा मेगाओहममधला, आकडा दिसेल. तोही बिघाड नव्हे. खरी परीक्षा साधी आहे : मीटर एसी व्होल्टवर ठेवा, चकतीवर बोटाने टिचकी मारा आणि आकडा हलतो का ते बघा. हलला तर चकती जिवंत.

चकती जिवंत, तरी पॅड मुका? मग वायरीचा सोल्डरचा टाका बघा. चांदीच्या थरावरचा टाका हजारो ठोके खाऊन निघतो; वायर जागच्या जागी असल्यासारखी दिसते, पण चिमट्याने हलकेच ओढली की हातात येते. नवा टाका मारताना हात आवरायचा. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की हे सिरॅमिक आपला पिझो गुण गमावतं. या मर्यादेला क्युरी तापमान म्हणतात (नाव त्याच प्येर क्युरीचं), आणि या जातीच्या सिरॅमिकसाठी ते ढोबळमानाने 200 ते 350 अंशांच्या दरम्यान असतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक सहज 350 ला असतं. म्हणून एक-दोन सेकंदांत काम उरकायचं, त्याहून जास्त टेकवायचं नाही.

टाकाही शाबूत असेल तर राहिला डिंक. चकती पॅडच्या तळाला फोम टेपने किंवा ग्लू गनने चिकटवलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. गच्चीखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या सेटमधला टेप मऊ पडतो आणि चकतीची एक कड सुटते. सुटलेली कड धक्का नीट घेत नाही, वर स्वतःच थरथरत राहते. परिणामी तोच पॅड हलक्या ठोक्याला गप्प आणि जोराच्या ठोक्याला दोनदा बोलणारा होतो. दोन उलट तक्रारी, कारण एकच. दुसरा उन्हाळी शत्रू कूलर. त्याच्या ओल्या झोतात महिनोन्महिने राहिलेल्या सेटच्या जॅकवर (वायरीची पिन खुपसायच्या भोकात) गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसल्या की अर्धे 'मेलेले' पॅड उठून बसतात.

एकाचा ठोका दुसऱ्यावर जाणं हे कंपनांचं काम. सगळे पॅड एकाच प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर बसवलेले, त्यामुळे जोराचा धक्का शेजारच्या चकतीलाही थोडा जाणवतो. पॅड आणि सांगाडा यांच्यामध्ये मऊ रबर किंवा फोम घाला, स्क्रू अती आवळू नका. धुमाल पार्टीत (वरातीत दणदणीत ढोल-ताशे वाजवणाऱ्या इथल्या बँडमध्ये) वाजवणाऱ्या पोराने या नाजूक पॅडवर हात साफ केला तर मात्र फोमही हात टेकेल.

दुहेरी ठोक्यावर इलाज म्हणून बोर्ड प्रत्येक ठोक्यानंतर थोडा वेळ कान बंद ठेवतो. सेट संगणकाला जोडून आर्डुइनोसारखा (स्वतः प्रोग्रॅम करता येणारा छोटा) बोर्ड लावला असेल तर हा वेळ बदलता येतो, आणि तिथेच लोक अती करतात. मिनिटाला 180 मात्रांच्या गाण्यात मात्रेला चार ठोके धरले तर सेकंदाला 12, म्हणजे दोन ठोक्यांत 83 मिलिसेकंद. कान बंद ठेवायचा वेळ 100 केलात तर दुसरा ठोका गिळला जातो, तिसरा लागतो, चौथा पुन्हा गिळला जातो. बरोबर एकाआड एक. वाजवणारा चकती बदलत बसतो! 30 ते 40 मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी.

पेडलचं तंत्र मात्र वेगळं. रॉक बँडच्या पेडलमध्ये पिझो नाही. तिथे लोहचुंबक आणि रीड स्विच आहे, म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन लोखंडी पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटणाऱ्या. इथे कंटिन्युइटीची बीप खरं बोलते. फ्रिजवरचं चुंबक स्विचजवळ नेलं आणि बीप आली, तर स्विच ठीक आहे आणि पेडलचं चुंबक निसटलंय किंवा सरकलंय.

सगळेच पॅड सारख्याच उशिराने लागत असतील तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. चित्रावर प्रक्रिया करायला टीव्ही वेळ घेतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग गेममधलं कॅलिब्रेशन (चित्र आणि ठोका यांचा मेळ बसवणारी सोय) चालवा. ड्रम उघडायचा तो त्यानंतरही एखादाच पॅड मागे पडत असेल तर.