डीपीकेजीचे दस्तऐवजीकरण

डीपीकेजी हे डेबियन या मुक्त स्रोत संगणक प्रणालीत सॉफ्टवेअरची पॅकेजे बसवणारे, काढणारे आणि त्यांची नोंद ठेवणारे साधन आहे. डेबियन इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केले. डीपीकेजीचे सी भाषेतले रूप इयन जॅक्सन यांनी लिहिले. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूच्या पोटातही हेच साधन राबते. त्याच्या दस्तऐवजीकरणात ढिलाई परवडत नाही, कारण वाचणारा बहुधा काहीतरी अडल्यावरच तिथे आलेला असतो आणि वाचलेली आज्ञा लगेच रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवतो.

उदाहरणादाखल पॅकेज ‘काढणे’ म्हणजे काय, एवढेच पाहू. ‘रिमूव्ह’ दिले की प्रोग्रॅम जातो, पण कॉन्फिगरेशनच्या (मांडणीच्या) फाइली मागे राहतात. ‘पर्ज’ दिले तर त्याही जातात. रिमूव्हनंतर पॅकेजांची यादी काढली तर ते नाव अजून दिसते, डावीकडे ‘आर’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे घेऊन. पहिले अक्षर आपल्याला काय हवे होते ते सांगते: काढायचे. दुसरे सध्याची स्थिती सांगते: फक्त कॉन्फिगरेशन उरले आहे. नवख्याला वाटते, काढणे फसले. मॅन पेज (आज्ञेचे माहितीपान) मात्र फाइली का राहतात तेही सांगते: पॅकेज पुढे परत बसवले तर मांडणी नव्याने करावी लागू नये. हे कारण फार मोलाचे आहे. ते ठाऊक असलेला माणूस घाईने पर्ज करून आपली मेहनत घालवत नाही.

मॅन पेज इंटरनेटशिवाय टर्मिनलमध्येच, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतच, उघडते. डीपीकेजीचे पान आज्ञांच्या पहिल्या विभागात आहे, तर डेब फाइलच्या, म्हणजे पॅकेजच्या फाइलच्या, रचनेचे पाचव्या.

पॅकेज बांधणाऱ्यांसाठी डेबियनची धोरण पुस्तिका असते. जुन्या पॅकेजिंग मॅन्युअलचा मजकूर आता तिच्या परिशिष्टांत आहे. या पुस्तिकेत क्रियापदे तोलून वापरलेली आहेत. ‘मस्ट’ (केलेच पाहिजे) मोडले तर तो गंभीर दोष ठरतो आणि पॅकेज डेबियनच्या आवृत्तीबाहेर राहू शकते. ‘शुड’ (करायला हवे) मोडले तर दोषच, पण तेवढ्याने पॅकेज अडत नाही. कॉपीराइटची फाइल ‘मस्ट’मध्ये येते, प्रत्येक प्रोग्रॅमला मॅन पेज ‘शुड’मध्ये. मॅन पेज नसणे हाही नोंदवण्याजोगा बग आहे, असे पुस्तिका स्पष्ट म्हणते. दस्तऐवजाच्या अभावाला बग म्हणणे हा डेबियनचा मोठा गुण मानला पाहिजे.

पॅकेजच्या वर्णनाची पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत बसवावी लागते. तिच्यात पॅकेजचे नाव पुन्हा घालायचे नसते, कारण यादीत ते शेजारीच असते.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो. मॅन पेजांच्या भाषांतरासाठी पीओफोरए हे साधन वापरतात. ते मजकुराचे परिच्छेद सुटे करते. मूळ परिच्छेद बदलला की त्याचे भाषांतर ‘फझी’ (मूळाशी जुळते की नाही याची शंका असलेले) म्हणून बाजूला काढले जाते आणि त्या जागी इंग्रजी मजकूर येतो. वेगळे सांगितले नाही तर ८० टक्क्यांहून कमी भाषांतर झालेले पान हे साधन तयारच करत नाही.