निफ्टचं एमएफएम: अर्ज हिवाळ्यात, पण दाखल्यांची तयारी दिवाळीआधी

फॅशन म्हटलं की स्केचबुक आणि शिवणयंत्र आठवतं. पण कोणता कपडा कुणासाठी काढायचा, किती नग, काय भावाने आणि कुठल्या दुकानात, हे ठरवणारीही माणसं लागतात. निफ्टचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) 'मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट' म्हणजे एमएफएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याचसाठी आहे. मार्केटिंग, मर्चंडायझिंग (कोणता माल किती आणि कुठे ठेवायचा याचं नियोजन), रिटेल हा त्याचा गाभा. संस्था केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची, 2006 च्या कायद्याने पदवी देणारी, आणि मुंबईचा कॅम्पस खारघरला.

पात्रतेची अट सोपी आहे: मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी. सोलापूरचं बीकॉम चालतं, परभणीचं बीएस्सी ॲग्रीही चालतं. निफ्ट किंवा एनआयडीचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) किमान 3 वर्षांचा डिप्लोमा असला तरी चालतो. वयाची मर्यादा नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, फक्त निकाल माहितीपत्रकात दिलेल्या तारखेपर्यंत सादर करावा लागतो. बारावीनंतर मात्र थेट एमएफएमला जाता येत नाही.

प्रवेश परीक्षा एनटीए म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत भरून घेतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. 'मला चित्र काढता येत नाही' म्हणून बरेच जण निफ्टचा विचारच सोडून देतात. एमएफएमला चित्रकलेचा पेपर नाही. जीएटी (जनरल ॲबिलिटी टेस्ट) हा एकच पेपर: गणित, इंग्रजी, संवादकौशल्य, तर्क आणि चालू घडामोडी. गुणवत्ता यादीत या पेपरला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. प्रश्नपत्रिका मराठीत नसते, हे गृहीत धरून तयारी करा.

आता कागदपत्रं. दहावीचं प्रमाणपत्र, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सही एवढं सगळ्यांकडे असतंच. फक्त नाव जुळवून बघा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर ते शेवटी जातं, आणि कुठेतरी वडिलांचं नाव गाळलेलं असतं. आधारमधली दुरुस्ती फॉर्म सुटण्याआधीच करून घेतलेली बरी.

खरी अडचण जातीच्या दाखल्याची. ही केंद्राची संस्था असल्याने आरक्षणही केंद्राचं: एससी 15, एसटी 7.5, ओबीसी 27 आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) 10 टक्के. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या कॉलेजला दिलेलं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र इथे पुरत नाही. शिवाय आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे राज्यातले प्रवर्ग केंद्रात नाहीतच. मात्र भटक्या-विमुक्तांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यामुळे यादी न बघता 'ओपन' भरून मोकळं होऊ नका.

मराठा उमेदवारांचा एसईबीसी (राज्याचा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग) दाखला इथे चालत नाही. कुणबी नोंद असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला काढता येतो. नसेल तर ईडब्ल्यूएसचा मार्ग आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, पण शेतजमीन 5 एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. घर आणि प्लॉटच्या क्षेत्रफळाच्याही अटी आहेत. हा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, तेव्हा तो कोणत्या वर्षाचा मागितलाय ते माहितीपत्रकात नीट वाचा. सेतू केंद्रात अर्ज देताना 'केंद्र सरकारसाठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच नमुना हातात पडतो.

फॉर्म भरल्यावर शुल्काची पावती आणि कन्फर्मेशन पेज जपून ठेवा. चूक राहिली तर दुरुस्तीसाठी थोड्या दिवसांची खिडकी उघडते, पण त्या काळात सगळेच रकाने बदलता येतील असं समजू नका.

मुलाखतीनंतर गुणवत्ता यादी लागते आणि ऑनलाइन कौन्सेलिंगमध्ये कॅम्पसचा पसंतीक्रम द्यायचा असतो. महाराष्ट्राच्या डोमिसाईलचा मुंबई कॅम्पसला फायदा नाही, तिथे देशभरातून स्पर्धा असते. म्हणून फक्त मुंबई टाकून थांबू नका, गांधीनगर, हैदराबाद, बेंगळुरूही यादीत ठेवा. जागा मिळाली की शुल्क भरायला मोजके दिवस मिळतात आणि रक्कम काही लाखांत जाते. शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर बँकेत चौकशी मुलाखतीच्या सुमारासच सुरू करा.