हलक्या तारा, उतरवलेला सूर

बोटं दुखतात म्हणून गिटार माळ्यावर टाकायला निघालेल्या माणसाला आज शिक्षक सांगतात, ‘हलक्या तारा लाव, सूर थोडा उतरव.’ सल्ला साधा. पण १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीला, पुढे ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक झालेल्या मुलाला, असं सांगायला कुणी नव्हतं.

सतरा वर्षांचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात उजवा हात सापडला आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आता वाजवणं विसर, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. कारखान्यातल्या साहेबांनी मात्र त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची.

जँगो फिरस्त्या रोमा समाजातला. १९२८ मध्ये त्याच्या घोडागाडीच्या घराला आग लागली. बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं आत होती, ती भडकली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून गेली. त्याने उरलेल्या दोन बोटांवर सगळी सुरावट बसवली. आखडलेली बोटं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरताना वरच्या तारांवर टेकवण्यापुरती वापरायची. सहा वर्षांनी पॅरिसमध्ये त्याचं पंचक उभं राहिलं, व्हायोलिनवर स्टेफान ग्रापेली.

आयोमीने उत्तर वेगळं शोधलं. साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. पण टोपणातून तार नीट कळत नाही, जाड तार ओढवत नाही. हलके सेट सहजी मिळत नसत. म्हणून बारीक तारांच्या जागी त्याने बँजोच्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या अल्बममध्ये ब्लॅक सॅबथने काही गाण्यांत तीन अर्धस्वर खाली उतरून वाजवलं. तारा सैल झाल्या, आवाज मात्र जड झाला. हेवी मेटल या रॉक-प्रकारातला तो घुमणारा खर्ज काही अंशी दुखऱ्या बोटांची सोय होती, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिशेल हिला लहानपणी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला. तिने मोकळ्या तारांतूनच कॉर्ड वाजेल अशी गिटार लावून घेतली. तंत्र जुनं होतं, ब्लूजवाले ते आधीपासून वापरत. तिने त्याच्या पुष्कळ तऱ्हा केल्या.

अमेरिकी गिटारवादक लेस पॉलची गोष्ट उलटी. १९४८ च्या मोटार अपघातात त्याचा उजवा कोपर चुरला. कोपर पुन्हा हलणार नव्हता, तेव्हा तो गिटार धरता येईल अशाच कोनात बसवा, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. नव्वदीतही तो न्यूयॉर्कच्या क्लबात दर सोमवारी वाजवायचा. तोवर संधिवाताने बहुतेक बोटं धरली होती.