ए४ वर्गाचे वाफेचे इंजिन

ए४ हा ब्रिटनमधील लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या (एलएनईआर) प्रवाहरेखित (हवेचा रोध कमी व्हावा अशा आकाराच्या) एक्सप्रेस इंजिनांचा वर्ग. रेल्वेचे मुख्य यांत्रिकी अभियंता नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यानुसार १९३५ ते १९३८ या काळात डॉनकॅस्टरच्या कारखान्यात अशी ३५ इंजिने बांधली गेली. त्यांपैकी ‘मॅलार्ड’ने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल (सुमारे २०३ किमी.) वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही अबाधित आहे. पाचरीसारखे उतरते नाक हीच ए४ची ओळख ठरली; वेगाचे खरे मर्म मात्र त्या पत्र्याच्या आत होते.

१९३३ मध्ये जर्मनीत बर्लिन–हॅम्बुर्ग मार्गावर डिझेलवर धावणारी वेगवान गाडी सुरू झाली. ग्रेस्लींनी ती पाहिली आणि लंडन–न्यूकॅसलसाठी तशी गाडी घेण्याचा विचारही झाला. पण त्या छोट्या गाडीत जागा फार कमी होती. पूर्ण गाडी, भोजनाच्या डब्यासह, तितक्याच वेगाने वाफेवर ओढता येईल अशी ग्रेस्लींची खात्री होती. मार्च १९३५ मध्ये त्यांच्याच जुन्या ए३ वर्गातील ‘पपायरस’ने चाचणीत ताशी १०८ मैल गाठून ती खरी ठरवली. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचे ते रौप्यमहोत्सवी वर्ष असल्याने नव्या गाडीला ‘सिल्व्हर जुबिली’ नाव मिळाले. २७ सप्टेंबरच्या चाचणीत ‘सिल्व्हर लिंक’ या पहिल्या ए४ने दोनदा ताशी ११२.५ मैल गाठले आणि ३० सप्टेंबरपासून लंडन ते न्यूकॅसल हे २६८ मैलांचे अंतर गाडी चार तासांत कापू लागली.

पाचरीच्या आकाराची कल्पना फ्रान्समधील बुगाटी रेलकारवरून (स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या डब्यावरून) सुचली. वातबोगद्यातील चाचण्यांत हवेचा रोध कमी झाला, पण धूर खाली येऊन चालकाला पुढचे दिसेनासे होण्याची अडचण राहिली. प्रतिकृतीवर धुराड्यामागे चुकून अंगठा दाबला गेला आणि त्या खळगीमुळे धूर वर उचलला जाऊ लागला, अशी आख्यायिका सांगितली जाते.

आतल्या सुधारणा अधिक मोलाच्या होत्या. बॉयलरमधील वाफेचा दाब ए३च्या २२० वरून दर चौरस इंचाला २५० पौंडांपर्यंत वाढवला. सिलिंडरचा व्यास थोडा कमी केला, पण वाफ आत सोडणाऱ्या झडपा आठऐवजी नऊ इंचांच्या केल्या आणि वाफेचे मार्ग रुंद व सुलभ ठेवले. वेगात धावताना वाफ सिलिंडरमध्ये सहज शिरणे आणि काम झाल्यावर तितक्याच सहज बाहेर पडणे, यावर सारे अवलंबून असते. मार्च १९३८ मध्ये तयार झालेल्या ‘मॅलार्ड’ला बाहेर पडणाऱ्या वाफेसाठी दुहेरी मार्गाची किलचॅप रचना आणि दुहेरी धुराडे सुरुवातीपासूनच होते. विक्रमासाठी त्याची निवड होण्याचे हेच कारण. इंजिनाला गती देणारी चालक चाके ६ फूट ८ इंच व्यासाची होती.

दोन्ही बाजूंना एकेक आणि मध्ये एक असे तीन सिलिंडर असल्याने ओढ समतोल राही. मधल्या सिलिंडरच्या झडपेला स्वतंत्र यंत्रणा नव्हती. बाहेरच्या दोन यंत्रणांची गती तरफांनी जोडून ती हलवली जाई. ही ग्रेस्लींची आवडती युक्ती, आणि ए४ची दुखरी बाजूही. तरफांचे सांधे झिजले, की अतिवेगात मधली झडप जास्त सरके आणि मधल्या सिलिंडरवर अधिक भार पडे. विक्रमाच्या दिवशी तेच घडले. सात डबे, सुमारे २४० टन वजन. चालक जोसेफ डडिंग्टन आणि फायरमन टॉमस ब्रे. ग्रँथमच्या दक्षिणेकडील स्टोकच्या उतारावर कमाल वेग नोंदला गेला, पण मधल्या दांड्याचे बेअरिंग तापून वितळले आणि इंजिन पीटरबरोला थांबवावे लागले. स्वतः ग्रेस्लींनी १२६चा आकडा कधी मान्य केला नाही. त्यांच्या मते तो १२५ होता. या संयमामुळे त्यांच्याविषयीचा आदर वाढतो.

१९३७ मध्ये लंडन–एडिंबरो ‘कॉरोनेशन’ गाडी सहा तासांत धावू लागली. तिच्यासाठीच्या पाच इंजिनांना साम्राज्यातील देशांची नावे दिली गेली. त्यांतील ‘एम्पायर ऑफ इंडिया’ हे नाव भारत स्वतंत्र झाल्यावरही बदलले नाही. १९६४ मध्ये सेवेतून निघेपर्यंत ते इंजिन तेच नाव वागवीत होते.

महायुद्धात वेगवान गाड्या बंद झाल्या, देखभाल ढासळली आणि चाकांवरचे पत्रे काढून टाकले गेले. १९४१ मध्ये ग्रेस्ली वारले. पुढच्या वर्षी यॉर्कवरील हवाई हल्ल्यात ‘सर राल्फ वेजवुड’ नष्ट झाले. १९५० च्या दशकात रेल्वे अभियंता केनेथ कुक यांनी डॉनकॅस्टरला दुर्बिणीसारख्या उपकरणांनी सांगाड्याची अचूक जुळवणी सुरू केली, मधले बेअरिंगही सुधारले आणि जुने दुखणे आटोक्यात आले. दुहेरी धुराडेही तेव्हाच साऱ्या वर्गाला मिळाले. ऐन बहरात असतानाच डिझेल इंजिने आली. शेवटची ए४ इंजिने १९६६ पर्यंत स्कॉटलंडमध्ये ग्लासगो–ॲबरडीन मार्गावर धावली.

सहा इंजिने जतन झाली आहेत. ‘मॅलार्ड’ यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक अमेरिकेत आणि एक कॅनडात. विक्रमाच्या पंचाहत्तरीला, २०१३ मध्ये, ही दोन्ही समुद्रापलीकडून आणली गेली आणि साही इंजिने यॉर्कमध्ये शेजारी शेजारी उभी राहिली.